पाव्हन्याले इचार

"बघा साहेब, हात लावून बघा. फ्रीज आहे फ्रीज!" असं म्हणत वर्कशॉपमधल्या त्या तरुण ॲडव्हायजरने माझा हात धरून एसीच्या जाळीसमोर नेला.

हवा गारच होती. मागच्या खेपेलाही अशीच गार होती आणि त्याच्या मागच्या खेपेलाही. वर्कशॉपच्या फाटकाच्या आत आमच्या गाडीचा एसी नेहमीच गुणी बाळासारखा वागायचा.

"इथं चालतो हो," मी म्हणालो. "शहरातही चालतो. गाव सोडून अर्धाएक तास झाला की वारा मरतो. आतला पंखा फिरल्याचा आवाज येतो, पण जाळीतून फुंकर येत नाही. मग गाडीची भट्टी होते."

"तेव्हा गॅस कमी होता, साहेब. आता फुल केलाय. सेन्सरपण नवा टाकलाय. कूलिंग एकदम वाढवून दिलंय."

"आत हवा कुठं अडत नाही ना? फिल्टर वगैरे पाहिलात?"

"या मॉडेलला फिल्टर येतच नाही. कंपनीनं जागा दिलेली आहे, पण ती रिकामी असते. वरच्या मॉडेलला येतो." एवढं सांगून त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की वरचं मॉडेल न घेणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात मी एकटाच असावा.

"परवा बायकोला घेऊन अकोल्याला जायचंय. तिला आठवा महिना आहे. उन्हाचा त्रास होता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलंय."

"बिनधास्त जा," तो म्हणाला.

मी गेलो. तेव्हापासून कुणी मला 'बिनधास्त' म्हणालं की मी आधी चार गोष्टी विचारून घेतो.

याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी जालन्याला एका बियाणे कंपनीच्या शीतगृहाचा कारभार पाहत होतो. मी मूळचा मिरजेचा, शंतनू आवटी. बायको वृषाली अकोल्याच्या गावंड्यांची. ती आमच्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत होती, आणि तिथंच आमचं जुळलं. माझं आणि माझ्या सासऱ्यांचं बिनसलं तेही त्यामुळेच, एकमेकांचं तोंड पाहायच्याही आधी.

सासरे प्रल्हादराव गावंडे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. त्यांनी वृषालीसाठी अमरावतीचं एक स्थळ जवळजवळ पक्कं केलं होतं. तिने नाही म्हटलं तेव्हा त्यांनी आदळआपट केली नाही. लग्नालाही आले, अक्षता टाकल्या. फक्त आधी एवढं सांगून टाकलं होतं, "लगन कर. पन मी त्या मानसाशी बोलनार नाही." आणि गावंडे म्हणजे बोलले की बोलले. लग्नाला दोन वर्षं झाली तरी त्यांनी माझ्याशी एक अक्षर काढलं नव्हतं. समोरासमोर खुर्च्या टाकून बसलो असलो तरी त्यांचा निरोप सासूबाईंच्या मार्गाने यायचा. "पाव्हन्याले इचार, चा घेतात का." मी 'घेतो' म्हणायचो. ते त्यांना स्पष्ट ऐकू जायचं. तरी सासूबाई मान वळवून सांगायच्या, "घेतो म्हनतात." या टपालखात्यात बिचाऱ्यांचा जीव मेटाकुटीला यायचा. मला आधी गंमत वाटायची. पुढे पुढे वाईट वाटायला लागलं.

वृषालीला ते फार लागायचं. "बाळ यायच्या आत बाबा तुझ्याशी बोलले पाहिजेत," ती म्हणायची. "नाहीतर तेही शिकेल. आजोबाले इचार, बाबाले इचार." हसत म्हणायची, पण तिने हा विषय किती वेळा काढला होता ते मला माहीत होतं. दिवस गेल्यापासून तिला दुसरं काही मागायचंच नव्हतं.

त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा मान, आणि तो नेमका भर उन्हाळ्यात. अकोल्याचं बोलावणं आलं, अर्थात सासूबाईंच्या फोनवरून. आम्ही गेलो. तेहतीस अनारसे, ताट, दिवा, पुरणाचे धोंडे, सगळं यथासांग झालं. रीतीत सासऱ्यांनी कुठं म्हणून कसूर केली नाही. स्वतः वाढायला उभे राहिले. माझ्या पानात तुपाची धार सोडत वृषालीला म्हणाले, "पाव्हन्याले म्हन, लाजू नोका."

मला लाजायलाही फुरसत नव्हती. आम्ही कृष्णाकाठची माणसं. ऊन म्हणजे काय ते अकोल्यात कळतं. तिथं घरोघरी खिडकीत कूलर, आणि कूलरच्या तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या. वाळ्याची मुळं दाबून शिवलेल्या त्या ताट्यांवर पाणी झिरपत राहतं, कूलरचा पंखा बाहेरची हवा त्यांतून ओढून घेतो, आणि खोलीत गारवा पसरतो. सासरे ताट्यांचे मोठे जाणकार. पाडवा झाला की गल्लीतल्या ओळखीपाळखीच्या घरांतल्या ताट्या ते हौसेने शिवून बसवून द्यायचे. एवढं असूनही मी घामाघूम होऊन जेवत होतो आणि मानाच्या जावयाने तक्रार करू नये म्हणून गप्प होतो.

निघायच्या दिवशी सकाळी पाहतो तो सासरे माझी गाडी धुताहेत. पाहुण्याची गाडी धुळीने माखलेली परत जाऊ द्यायची नाही, हा त्यांच्या घरचा शिरस्ता. बाहेरून धुतली, दारं उघडून आतून पुसली, पायदाण्या झटकल्या. मी संकोचून म्हणालो, "अहो, राहू द्या." त्यांनी मान वर न करता वृषालीला सांगितलं, "पाव्हन्याले म्हन, आंघोळ करून घ्या."

परतीच्या वाटेवर, खामगाव मागे टाकल्यावर एसी पहिल्यांदा बसला. तिथून वर्कशॉपच्या वाऱ्या सुरू झाल्या. पहिल्या वेळी गॅस भरला, दुसऱ्या वेळी पाइप तपासून पुन्हा गॅस भरला, तिसऱ्या वेळी सेन्सर बदलला. प्रत्येक वेळी 'फ्रीज आहे फ्रीज' असं ऐकून मी घरी आलो.

वृषालीची रजा जूनपासून मंजूर झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच होतं. रेल्वेने जायचं तर गाडी परभणी, पूर्णा, हिंगोली असं जग फिरून अकोल्याला जायची, त्यामुळे ते नकोच होतं. पहाटे निघायचं ठरवलं होतं, पण बाळंतपणाला निघालेल्या बाईचं सामान आणि पहाट यांचं जमत नाही. निघेपर्यंत उन्हं चांगली वर आली होती.

देऊळगाव राजापर्यंत मजेत गेलो. "बघ, झाला ना दुरुस्त," वृषाली म्हणाली. मग खोल श्वास घेऊन म्हणाली, "गाडीत अजून माहेरचा वास येतोय."

"तुझ्या आईनं माठात टाकायला वाळ्याची जुडी दिली होती ना, तिचा असेल."

"ती कधीच घरात काढून ठेवली रे."

मी लक्ष दिलं नाही. माझं सगळं लक्ष एसीच्या जाळीकडे होतं. देऊळगाव राजा सोडून थोडं पुढे गेलो आणि मला नको होतं तेच झालं. वाऱ्याचा जोर हळूहळू कमी झाला. मी पंख्याचं बटण वाढवलं. आवाज वाढला, वारा वाढला नाही. आणखी थोड्या वेळाने जाळीसमोर बोट धरलं तरी काही जाणवेना.

काचा खाली केल्या तर बाहेरून झळा आत यायला लागल्या. वर केल्या तर गाडीत गुदमरायला लागलं. वृषालीने ओढणी बाटलीतल्या पाण्यात भिजवून डोक्यावर घेतली. ती थोडा वेळ वर्कशॉपवाल्यांचा उद्धार करत होती. मग गप्प झाली. आणि वृषाली गप्प होणं ही आमच्या घरात चांगली खूण नसते. पाहिलं तर चेहरा लालबुंद, ओठ कोरडे, एक हात पोटावर.

"काय होतंय?"

"गरगरतंय. आणि आत हा फार वळवळतोय."

मी गाडीचा वेग कमी केला. "मागे फिरू या का?"

"मागे फिरायला काय सावली आहे? तेवढंच ऊन आहे तिकडेही," ती म्हणाली. "कुठंतरी थांबव फक्त."

चिखली अजून लांब होती. रस्त्याच्या कडेला कडुनिंबाखाली एक चहाचं हॉटेल दिसलं, तिथं गाडी लावली. हॉटेलवाल्या बाईंनी वृषालीकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता आतली खाट झाडाखाली आणून टाकली. तिला आडवं केलं, पायांवर पाणी ओतलं, मीठ-साखर घातलेलं लिंबाचं पाणी पाजलं. मी डॉक्टरांना फोन लावला. "सावलीत पडू द्या, पाणी पाजत राहा. तासाभरात बरं वाटलं नाही तर जवळच्या दवाखान्यात न्या. आणि या उन्हात तशा गाडीतून पुढे नेऊ नका," त्या म्हणाल्या.

मग काय करायचं? पुढे न्यायचं नाही, मागे न्यायचं नाही. मला त्या ॲडव्हायजरचा हात धरून त्याला इथं, या कडुनिंबाखाली आणून उभं करावंसं वाटत होतं. त्याच्यापेक्षा जास्त राग स्वतःच्या हतबलतेचा येत होता.

थोड्या वेळाने वृषालीच्या चेहऱ्याची लाली उतरली. "शांत झालं बाळ," ती म्हणाली. मला जरा धीर आला. तेवढ्यात हॉटेलवाल्या बाई म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या गाडीचं पानी चाललं ना सगळं. फुटलं का काही?"

वळून पाहिलं तर गाडीखालून पाण्याचा ओघळ निघून पार रस्त्यापर्यंत गेला होता. एसी चालला की थोडं पाणी ठिबकतंच, पण हे ठिबकणं नव्हतं, घागर लवंडल्यासारखं होतं. रेडिएटर गेला की काय, म्हणून मी वाकून त्या पाण्यात बोटं घातली आणि दचकलो. पाणी बर्फासारखं गार होतं.

मी बॉनेट उघडलं. एसीचा आत जाणारा जाड पाइप पांढरा झाला होता. नखाने खरवडलं तर चक्क हिम निघालं. बाहेर अंगाची लाही होत होती, आणि गाडीच्या पोटात बर्फ जमला होता.

तिथं माझी ट्यूब पेटली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आदल्याच वर्षी आमच्या शीतगृहात हेच झालं होतं. हमालांनी बियाण्याची पोती पंख्याच्या तोंडाशी थप्पी लावून ठेवली होती. हवा अडली, आतल्या गार नळ्यांवर बर्फ चढला, बर्फाने उरलीसुरली वाटही बुजवली, आणि खोली तापायला लागली. आम्ही गॅस भरत बसलो होतो. पोती हलवल्यावर सगळं आपोआप सुरळीत झालं होतं. इथंही गार करणारं यंत्र ठणठणीत होतं. त्याला हवाच मिळत नव्हती. आणि वर्कशॉपवाल्यांनी गारवा वाढवून दिला म्हणजे बर्फ आणखी लवकर धरायची सोय करून दिली. गाडी तिथं नेऊन उभी केली की बर्फ वितळणार, मग एसी पुन्हा गुणी बाळ.

पण हवा अडली कुठं? गाडीत बियाण्याची पोती कुणी ठेवली?

'जागा रिकामी असते,' तो म्हणाला होता. रिकामी असते, हे त्याने तोंडाने सांगितलं होतं. उघडून पाहिलं होतं का?

मी पुढच्या सीटसमोर गुडघे टेकून बसलो. डॅशबोर्डचा कप्पा रिकामा केला, दोन्ही बाजूंनी दाबून खाली सोडला. मागे एक चपटं झाकण होतं. खटका दाबून ते काढलं आणि आत बोटं घातली. हाताला काहीतरी खरखरीत लागलं. ओढलं तर येईना, गच्च बसवलेलं होतं. कडेने हलवत हलवत बाहेर काढलं, आणि मी ते हातात घेऊन तसाच बसून राहिलो.

शाळेच्या पाटीएवढी एक ताटी होती ती. दोन्ही बाजूंना डासांची जाळी, मध्ये ठासून भरलेला वाळा, चारी कडा दोऱ्याने सुबक शिवलेल्या. वरची बाजू रस्त्याच्या धुळीने लिंपल्यासारखी झाली होती.

मी ती खाटेपाशी नेली. वृषाली उठून बसली. तिने ताटी उलटसुलट केली, शिवणीवरून बोट फिरवलं.

"हा टाका बाबांचा आहे," ती म्हणाली. "असा तिरपा टाका अख्ख्या अकोल्यात दुसरं कुणी घालत नाही."

मग ती हसायला लागली. ओढणी तोंडाला लावून खाट हलेपर्यंत हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. हॉटेलवाल्या बाई धावत आल्या. "कळा येऊन राह्यल्या का वं माय?"

"नाही हो मावशी," ती डोळे पुसत म्हणाली. "माझ्या वडिलांनी एसीला वाळा लावलाय."

बाईंनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि आणखी एक पेला लिंबाचं पाणी आणून दिलं.

बर्फ पुरता वितळेपर्यंत आम्ही तिथंच थांबलो. मग मी गाडी सुरू केली, काचा लावल्या आणि एकटाच चिखलीच्या रस्त्याने बऱ्यापैकी लांब जाऊन परत आलो. जाळीतून असा वारा येत होता, की समोरचे कागद उडाले. डॉक्टरांना पुन्हा फोन केला, वृषालीला जवळच्या दवाखान्यात दाखवून रक्तदाब बघून घेतला, आणि सगळं ठीक म्हटल्यावरच पुढे निघालो.

खामगावनंतर वृषाली म्हणाली, "बाबांना सांगायचं नाही हं."

"काय?"

"हे सगळं. त्यांनी माझ्यासाठी केलं ते. लहानपणी मला ताटीजवळच झोपायचं असायचं. त्यांना वाटलं असेल, पोरीला प्रवासात बरं वाटेल. आणि त्याच्यानेच मला चक्कर आली, हे त्यांना कळलं तर जन्मभर स्वतःला खात बसतील. तू ओळखत नाहीस त्यांना."

"ओळखणार कसा? ओळख करून द्यायला ते बोलायला पाहिजेत ना."

"शंतनू, प्लीज."

मी हो म्हणालो. ताटी डिकीत, सामानाच्या मागे सरकवून ठेवली. कुणी विचारलंच तर एसी छान आहे, एवढंच सांगायचं ठरलं.

अकोल्याला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. सासरे फाटकातच उभे होते. त्यांनी वृषालीच्या डोक्यावरून हात फिरवला. "तरास झाला का वं?"

"छे! एसी होता ना मस्त," ती जरा जास्तच घाईने म्हणाली.

त्यांचा चेहरा खुलला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मी आत जाऊन कूलरसमोर बसलो, सासूबाईंनी पाण्याचा तांब्या हातात दिला. खिडकीतून पाहतो तो सासरे गाडीच्या पुढच्या दारातून आत वाकलेले, आणि त्यांच्या हातात एक नवी कोरी ताटी. जुनी बदलायला त्यांनी आधीच शिवून ठेवली होती.

ते बराच वेळ वाकून होते. मग नवी ताटी तशीच हातात घेऊन घरात आले.

"वृषाली," ते शांतपणे म्हणाले, "पाव्हन्याले इचार, जुनी ताटी कुठं फेकली."

"कोन्ती ताटी?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

"बाबा, ती ना... मीच काढली. धुवायला," वृषाली म्हणाली. प्रयोगशाळेतली बाई, खोटं बोलायची सवय नाही. कुणी लहान मुलानेही विश्वास ठेवला नसता.

सासऱ्यांनी मान हलवली आणि नवी ताटी भिंतीला टेकवून ठेवली. ती त्यांनी ज्या हलक्या हाताने ठेवली, ते पाहून माझं मलाच कसंतरी झालं. इकडे आड, तिकडे विहीर. गप्प राहिलो तर जावयाने आपली वस्तू उचलून फेकली, हे त्यांच्या मनात कायमचं बसणार. खरं सांगितलं तर आपल्या हाताने आपल्या लेकीला त्रास झाला, हे कळणार. वृषाली माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती.

मी उठलो. डिकी उघडून जुनी ताटी आणली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवली.

"फेकलेली नाही," मी म्हणालो. "पण काढावी लागली. हिच्यामुळे एसी बंद पडत होता."

आणि मी सगळं सांगितलं. तीन वेळचं वर्कशॉप, कडुनिंबाखालची खाट, गाडीखालचं गार पाणी, पाइपावरचं हिम. वृषालीला गरगरलं, तेही सांगितलं. शीतगृहातल्या माणसांना समजावतो तसं, एकेक करून, काही न लपवता.

सासरे खाली बसले. त्यांनी ताटी उचलली, तोंडाजवळ धरली, मागच्या बाजूला तळहात लावला आणि जोराने फुंकर घातली. तळहाताला काही लागलं नसावं. त्यांनी पुन्हा एकदा फुंकर घातली. मग ताटी फरशीवर आपटली. धुळीचा लोट उठला.

"बर्फ धरला व्हता का आतून?"

सासूबाई सवयीने माझ्याकडे वळल्या. तोंड उघडलंही त्यांनी. मग त्यांच्या लक्षात आलं, की यात पोचवायला काही उरलंच नाही. सासरे सरळ माझ्याकडे पाहत होते.

"हो," मी म्हणालो. "पाइपावरसुद्धा आला होता."

"कूलरले मांगून मोकळी हवा भेटते. अन् त्याचा पंखा असा दांडगा. इथं हवा कोंडली."

"तेच झालं."

"अन् त्या शोरूमवाल्याइनं तीन डाव खोलून नाही पाह्यलं?"

"ती जागा रिकामी असते म्हणाले."

"रिकामी कायले ठेवते कोनी?" ते उसळले. "हवेच्या तोंडाशी चौकोनी जागा हाय, वरतून झाकन हाय, म्हनजे तिथं काहीतरी बसते. गाडी पुसता पुसता कप्पा खाली आला, त मांगं मले दिसली, अन् म्हटलं, कंपनी ताटी बसवाची इसरली."

हे त्यांनी पूर्ण गांभीर्याने सांगितलं. वृषालीने ओढणीत तोंड लपवलं. पण त्यांना हसू आलं नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या पोटाकडे पाहिलं, आणि त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "लय चुकलं माह्यं. भलतंच झालं असतं त."

सहा फुटी माणूस फरशीवर मांडी घालून, धुळीने भरलेली ताटी धरून बसला होता. मला ते पाहवेना.

"असं नका बोलू," मी म्हणालो. "तुम्ही तिच्या काळजीपोटीच तर केलं होतं. तिच्यासाठी केलेलं..."

"तिच्यासाठी?" त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "तिच्यासाठी कायले करू? ते अकोल्याची हाय, उनातच वाढली. तुमी धोंड्याचं जेवाले बसले व्हते, तवा घामाच्या धारा लागल्या व्हत्या तुमाले, अन् तोंडातून एक शब्द नाही काढला. मले दिसत नव्हतं का? अन् त्याच उनातून गाडी हाकत जालन्याले जानार. मले त बोलता येत नव्हतं, शब्द देऊन बसलो व्हतो. म्हटलं, ताटी तरी बसवाव." ते थांबले, आणि चिडल्यासारखे म्हणाले, "तुमच्यासाठी बसोली व्हती."

सासूबाई उगाच आत निघून गेल्या. दोन वर्षं मी या घरात उपऱ्यासारखा खुर्चीच्या टोकावर बसत आलो होतो, आणि समोरचा माणूस माझा घाम पाहत होता. फार बरं वाटलं मला, आणि तितकीच लाजही वाटली.

"मग या वेळी पातळ शिवू या, बाबा," मी म्हणालो. त्यांना काही म्हणून हाक मारायची माझीही ती पहिलीच वेळ होती.

त्यांनी भिंतीला टेकवलेली नवी ताटी ओढून मांडीवर घेतली आणि तिची एक कड उसवायला सुरुवात केली. अर्धी उसवून झाल्यावर विचारलं, "तुमाले टाका घालता येते काय?"

"नाही."

"मंग तिथं काय करून राह्यले? या इकडं. बसा."